आज काय जमले?

आपल्या बेळगाव भागात यशाची बातमी सांगण्याची एक ठरलेली पद्धत आहे. दहावीचा निकाल लागला की ६२५ पैकी किती गुण पडले हे गल्लीच्या तोंडावरच्या फलकावर फोटोसह झळकते, नोकरी लागली की पेढे वाटले जातात, नवी गाडी आली की तिची पूजा होऊन कुंद्याचा डबा शेजारीपाजारी फिरतो आणि घरात लग्न असले की मांड्यांची बुट्टी पाहुण्यांकडे पोहोचते. ही पद्धत चांगलीच आहे आणि ती मोडावी असे मला मुळीच वाटत नाही. पण असे दिवस वर्षातून मोजकेच येतात. बाकीच्या सगळ्या दिवसांतही माणसे काही ना काही मनापासून, नीट करीत असतात आणि त्याची वाच्यता मात्र कुठेच होत नाही. मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत तपासणी विभागात काम करते आणि वडगावात एकत्र कुटुंबात राहते. दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसत आली आहे, ती म्हणजे बिघडलेल्या कामाची चर्चा होते, जमलेल्या कामाची होत नाही. जमलेले काम सांगितलेच पाहिजे, कारण सांगितल्याशिवाय ते दिसतच नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

ज्यांनी फाउंड्री आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. लोखंडाचे कास्टिंग, म्हणजे वितळलेले लोखंड ओतून केलेला भाग, ज्या साच्यात ओततात तो साचा बहुधा वाळू, बेन्टोनाइट माती आणि पाणी यांच्या मिश्रणाचा असतो. त्या वाळूत ओलावा साधारणपणे ३ ते ४ टक्के असावा लागतो. तो कमी पडला तर साच्याच्या कडा झडतात. तो जास्त झाला तर १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा रस साच्यात उतरताच पाण्याची वाफ होते आणि कास्टिंगच्या पोटात छिद्रे पडतात, ज्यांना आमच्याकडे सगळे ब्लो होल म्हणतात. प्रयोगशाळेत ओलावा मोजण्याचे साधन असते, परंतु वाळूवर काम करणारा मुरलेला माणूस त्याआधीच मूठभर वाळू घट्ट दाबतो, तिचा गोळा दोन बोटांनी मधोमध मोडतो आणि मोडलेली कड स्वच्छ राहिली की ढासळली यावरून पाणी वाढवायचे की थांबवायचे ते ठरवतो. बेळगावच्या पावसाळ्यात, जेव्हा भिंतीसुद्धा ओल धरतात, तेव्हा हे काम फारच नाजूक होऊन बसते. अशा दिवसात रिजेक्शन, म्हणजे तपासणीत बाद होणारे नग, वाढले नाही तर त्यामागे या माणसाची सकाळपासूनची दक्षता असते. मात्र रिजेक्शन वाढले की लगेच बैठक बोलावली जाते आणि वाढले नाही की सगळे आपापल्या घरी जातात.

गेल्या पावसाळ्यात घडलेल्या एका गोष्टीने मला या विषयाकडे गांभीर्याने पाहायला लावले. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून रोज ये-जा करणारा एक तरुण हेल्पर भट्टीत टाकण्याचे भंगार निवडत होता. त्याच्या हातात पाइपचा एक तुकडा आला, ज्याचे एक टोक चेपून बंद झाले होते आणि दुसऱ्या टोकात गंज व मातीचा बोळा बसला होता. तुकड्याच्या मानाने वजन जास्त वाटले म्हणून त्याने तो कानाशी धरून हलवला, तर आत पाणी हलत होते. त्याने तो तुकडा बाजूला ठेवला, त्याच ढिगातील तसे आणखी काही तुकडे शोधून काढले आणि पुढच्या कामाला लागला. ही गोष्ट किती मोठी आहे हे भट्टीवर काम करणाऱ्यालाच कळेल. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी अडकले तर क्षणात त्याची वाफ होते, वाफेचे आकारमान पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक असते आणि तो सगळा जोर रसाला भट्टीबाहेर उसळवतो. भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला मागे सरकायलासुद्धा वेळ मिळत नाही.

त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये उत्पादन, रिजेक्शन आणि ब्रेकडाऊन यांचे नेहमीचे आकडे होते आणि अपघाताच्या रकान्यात नेहमीप्रमाणे ‘निल’ असे लिहिलेले होते. त्या ‘निल’मागे एका मुलाचा हात आणि कान होता, हे कोणालाही ठाऊक नव्हते. भट्टीवरच्या माणसाने दुसऱ्या दिवशी बोलता बोलता सांगितले म्हणून ते आम्हाला कळले, नाही तर ते कधीच कळले नसते, आणि अशा न कळलेल्या किती गोष्टींवर आमचा कारखाना रोज सुरळीत चालतो याचा विचार मी तेव्हापासून करू लागले.

मी शिफ्टच्या सुपरवायझरांशी बोलून रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना घालून घेतला. ‘आज काय जमले?’ हा प्रश्न त्या रकान्याच्या डोक्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिला, कारण आमच्या शेडमध्ये दोन्ही भाषा सारख्याच बोलल्या जातात आणि उत्तरेकडून आलेल्या कामगारांमुळे हिंदीही चालते. सुरुवातीला तो रकाना रिकामाच राहत असे. मी विचारले की उत्तर ठरलेले असे, “रोजचंच काम केलं की ओ मॅडम, त्यात काय लिवायचं?” हे उत्तर विनयाचे होते आणि ते ऐकताना मला त्या माणसांविषयी आदरच वाटत असे, परंतु त्या विनयामुळे एक मोठे नुकसानही होत होते, कारण वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीने हाताला जे कळते ते त्या हाताबरोबरच निवृत्त होऊन निघून जात होते.

मग मी प्रश्न बदलला. काय चांगले केले असे न विचारता, हे तुम्ही ओळखले कसे, असे मी विचारू लागले, आणि तिथून माणसे बोलू लागली. होनिंगवरच्या, म्हणजे सिलिंडर आतून घासून अचूक मापाला आणणाऱ्या मशीनवरच्या एकाने लिहिले की हायड्रॉलिक सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) मोजण्याचे गेज तो मधूनमधून मास्टर रिंगवर, म्हणजे अचूक मापाच्या कड्यावर, लावून पाहतो, आज ते दोन मायक्रॉनने सरकलेले वेळेत सापडले आणि त्यामुळे पुढचे सगळे नग वाचले. क्रेन चालवणाऱ्याने लिहिले की वर नेताना आवाज नेहमीसारखा पण खाली आणताना घरघर येत होती, म्हणून त्याने बेअरिंग पाहायला लावले आणि ते खरोखरच संपत आलेले निघाले. वाळूवरच्या मामांना लिहायचा कंटाळा आहे, म्हणून ते सांगतात आणि दुसरा कोणी लिहून घेतो. त्यांनी सांगितलेली वाळू मोडून पाहण्याची रीत आज दोन नवी मुले शिकली आहेत. एकाने जमवलेले काम दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ते सांगणे आवश्यक आहे.

या विषयावर झालेला अभ्यासही मी त्यानंतर वाचला. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील प्राध्यापक टेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहकारी यांनी ७ कंपन्यांतील २३८ कर्मचाऱ्यांच्या जवळपास १२,००० रोजच्या नोंदी तपासल्या आणि त्यांना असे आढळले की माणसाला कामात उमेद देणाऱ्या गोष्टींत अर्थपूर्ण कामात थोडीशी का होईना पण प्रगती होणे ही सर्वांत वरची गोष्ट आहे. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये आणि पुढेही प्रसिद्ध केलेले संशोधन घराच्या अधिक जवळचे आहे. आपल्या माणसाने चांगली बातमी सांगितल्यावर ऐकणारा कसा प्रतिसाद देतो, यावर त्या नात्याची गोडी बऱ्याच अंशी ठरते, असे त्यांना दिसून आले. नुसते “बरं झालं” म्हणून विषय संपवणारा, त्यात खोट काढणारा आणि ऐकलेच नाही असे दाखवणारा, हे तिघेही सांगणाऱ्याचा उत्साह घालवतात. जो उत्सुकतेने पुढे विचारतो त्याच्याजवळ माणूस पुन्हा सांगायला येतो. मला तर वाटते की सांगण्यापेक्षा ऐकण्याचे काम अवघड आहे आणि आपण मुलांना भाषण करायला शिकवतो तसे ऐकायलाही शिकवायला हवे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनीही घेतला होता. आपण आपली स्तुती करणे हे मूर्खाचे लक्षण आहे, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेले असते. ही शिकवण मी मानते. मात्र स्वतःची स्तुती करणे आणि केलेले काम सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या ओळखण्याची खूण सोपी आहे. “माझ्यासारखा बोअर दुसऱ्या कुणाला जमत नाही” या वाक्यातून ऐकणाऱ्याच्या पदरात काहीही पडत नाही, तर “गेज मधूनच रिंगवर लावून बघतो, गरम झालं की सरकतंय” या वाक्यातून त्याला उद्याच्या कामासाठी काहीतरी मिळते. पहिल्या वाक्यात सांगणारा मोठा होतो, दुसऱ्यात काम मोठे होते. आपल्या संस्कृतीने पहिल्याला नाव ठेवले आहे, दुसऱ्याला कधीच नाही. कोणत्या शेतात कोणते भात चांगले येते, रताळ्याचे वेल केव्हा लावावेत, मसुरीला पाणी का नको, हे सगळे एका पिढीने दुसऱ्या पिढीला सांगितले म्हणूनच आपल्यापर्यंत आले.

घरातील कामाची स्थिती कारखान्यापेक्षाही अवघड आहे, कारण तिथे रजिस्टरच नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार, बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तास रोज केलेल्या कामाविषयी रात्री जेवताना एक वाक्यही उच्चारले जात नाही. नळाला पाणी आले तेव्हा ते भरून ठेवले, दूध नासण्याच्या बेतात होते ते वेळेत तापवले, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या संपण्यापूर्वी आणून ठेवल्या, असल्या कामांची हकिकत घडते ती फक्त चुकल्यावर. म्हणून आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला सगळे बसले की प्रत्येकाने दिवसभरात जमलेली एक गोष्ट सांगायची आणि इतरांनी ती कशी जमली ते विचारायचे, असे आम्ही सुरू केले. टीव्ही तेवढा वेळ बंद असतो.

यातून सर्वांत अधिक खुलल्या त्या माझ्या सासूबाई. त्यांचे माहेर खानापूर तालुक्यात, जंगलाच्या बाजूला आहे. बेळगावहून खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर आणि तिथून गाडी बदलून पुढे, असा तो प्रवास, पण इतकी वर्षे कोणी नेले तरच त्या माहेरी जात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हा तिकिटाचा प्रश्न सुटला, परंतु बसची पाटी कन्नडमध्ये आणि आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंतचे, ही अडचण उरलीच होती. माझी मुलगी मराठी माध्यमात शिकते आणि तिला कन्नड विषय आहे. तिच्या पुस्तकावरून आईंनी स्वतःहून अक्षरे गिरवायला घेतली. दुपारी सगळे बाहेर गेले की पाटीवर पेन्सिलीने त्या आधी अंक आणि मग आपल्याला लागणारी तेवढीच गावांची नावे लिहून पाहत असत, हे आम्हाला फार उशिरा कळले.

एके रात्री जेवताना त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “आज मी एकटीच माहेराला जाऊन आलो बघ.” सगळ्यांचे हात थांबले. माझ्या मुलीने लगेच विचारले, “आज्जी, पाटी कशी वाचलीस?” मग त्यांनी सविस्तर सांगितले. पहिले अक्षर ओळखून भागत नाही, कारण त्या अक्षराने सुरू होणारी दुसरीही पाटी असू शकते, म्हणून त्या शेवटचे अक्षर आधी पाहतात. त्यानंतर पूर्ण नाव मनात जुळवतात आणि मगच कंडक्टरला विचारतात, तेसुद्धा खात्री करण्यापुरते. येताना त्यांनी दुसऱ्या एका बाईला तिची बस दाखवून दिली होती. त्यांच्या पाकिटात शून्य रुपयांची दोन तिकिटे घडी घालून ठेवलेली होती आणि ती त्यांनी ताटाशेजारी उलगडून ठेवली. या प्रवासाची बातमी कोणत्याही फलकावर लागणार नाही, परंतु वयाच्या साठीनंतर दुसरी लिपी शिकून एका बाईने आपला माहेरचा रस्ता स्वतः मोकळा करून घेतला, याहून मोठे यश आमच्या घरात अलीकडे तरी कोणाला मिळालेले नाही.

सासऱ्यांचे मात्र वेगळे आहे. ते आयुष्यभर वडगावात साड्यांच्या मागावर काम करत आले आणि अजूनही सकाळी मागावर जातात. त्यांना विचारले की “काय विशेष नाही” हे त्यांचे उत्तर ठरलेले असते. मुलीने त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न शोधून काढला, “आजोबा, आज माग कितीदा थांबला?” या प्रश्नाला ते टाळू शकत नाहीत. एकदाच थांबला, असे ते एकदा एप्रिलच्या उन्हाळ्यात म्हणाले आणि त्यावर मुलीने कारण विचारले, तेव्हा हवा कोरडी झाली की सुती धागा कसा लवकर तुटतो, त्यामुळे मागाखाली पाणी कसे शिंपडावे लागते, ते किती शिंपडले म्हणजे धागा धरतो आणि किती झाले म्हणजे लोखंडाला गंज चढतो, हे सगळे त्यांनी हातवारे करून समजावले. एवढ्या वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, आणि त्यांच्या मुलानेही ऐकले नव्हते.

या सगळ्यात एका गोष्टीला मात्र मी कडक विरोध करते, आणि ती म्हणजे तुलना. एकाचे जमलेले काम दुसऱ्याला टोचण्यासाठी वापरले की सगळेच नासते. “बघ, ती कशी स्वतःहून अभ्यासाला बसली,” असे धाकट्याला म्हटले की मुलीलाही पुढच्या वेळी सांगावेसे वाटत नाही, कारण आपल्या यशाने भावाला बोलणी बसतात हे तिला कळते. कारखान्यातही हेच घडते. एका शिफ्टची चांगली नोंद दुसऱ्या शिफ्टपुढे धरून जाब विचारला तर दोन्हीकडचे लिहिणारे हात थांबतात. ज्याचा दिवस वाईट गेला आहे त्याला त्या दिवशी गप्प राहण्याची पूर्ण मोकळीक असली पाहिजे, आणि आमच्या घरात तशी ती आहे. “आज काही नाही” म्हटले की कोणी पुढे विचारत नाही, त्याच्या ताटात फक्त आमटी वाढली जाते.

याच कारणासाठी रजिस्टरमधील चांगल्या नोंदीला दर महिन्याला बक्षीस द्यावे ही सूचना आली तेव्हा मी तिला नकार दिला. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मी मानते. पण बक्षीस आले की नोंदी बक्षिसासाठी लिहिल्या जातील, परीक्षक नेमावे लागतील, आणि पाण्याने भरलेला पाइप बाजूला ठेवणारा मुलगा पुन्हा मागे राहील, कारण त्याला मोठे वाक्य लिहिता येत नाही. त्याऐवजी आता असे ठरले आहे की शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टची माणसे समोरासमोर असतात त्या वेळात सुपरवायझरांनी आदल्या दिवसाच्या दोन नोंदी मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवायच्या आणि ज्याने ते काम केले त्याने ते कसे केले हे तिथेच सांगायचे. नोंद कोणाची वाचायची हे पाळीपाळीने ठरते, त्यामुळे भट्टी, वाळू, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करण्याचा विभाग), मशीन शॉप आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळ्यांची पाळी येते. मावशींची पाळी आली तेव्हा त्यांनी सांगितले की सांडलेली वाळू त्या आता चाळून वेगळी ठेवतात, कारण तिच्यात लोखंडाचे बारीक दाणे सापडतात आणि ते दाणे परत साच्यात गेले तर कास्टिंगचा पृष्ठभाग खडबडीत होतो. वाळूवरच्या मामांनी त्यांना तिथल्या तिथे विचारले की चाळणी कोणती वापरता, आणि पुढच्या आठवड्यापासून तशीच एक चाळणी वाळूच्या विभागातही आली.